कंदील घरीच होऊ द्या

बडोद्यातलं मराठी घर दिवाळीत लांबूनच ओळखू येतं ते आकाशकंदिलामुळे. हल्ली मात्र तो बहुधा विकतचा, प्लॅस्टिकचा! मुलांनो, यंदा घरीच करा. कामट्या तासता येणारे आजोबा आता मोजकेच उरलेत. तुमच्या घरी असतील तर शेजारी बसून शिकून घ्या. पतंगाच्या कागदाला आपल्या गावात काय तोटा? खळ आजी शिजवेल.

पूर्वी आत ६० वॉटचा पिवळा दिवा असे आणि कागद करपायची धास्ती. आता जवळपास तेवढाच उजेड ९ वॉटचा एलईडी देतो, तापतोही कमी. होल्डरची जोडणी तेवढी मोठ्यांनी करावी. शेपट्या चांगल्या लांब ठेवा, वाऱ्यावर सळसळल्या पाहिजेत. आणि कंदील पहिल्यांदा लावाल तेव्हा घरातले बाकीचे दिवे, हो, टीव्हीसुद्धा, बंद करून सगळे बाहेर या.