दगडावरच्या क्रूसाची लांबची गोष्ट

नवी मुंबईत राहणाऱ्यांना बेलापूरचा किल्ला ठाऊक असेलच. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज... किती धनी पाहिले त्याने! पण आज तिथे पडके अवशेषच उरले आहेत. पोर्तुगीजांनी बांधलेला भला मोठा किल्ला पाहायचा, तर वसईलाच जायला हवं.

वसईच्या बालेकिल्ल्याच्या दरवाजावर नीट बघा हं. पोर्तुगालच्या राजाची ढाल दिसेल, कड्यांचा बनलेला एक गोल दिसेल आणि टोकांशी रुंद होणारा एक क्रूस. गोल म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करण्याचं उपकरण. आणि क्रूस? तो नुसता चर्चवरचा क्रूस नव्हे बरं का! ती आहे लढवय्या साधूंच्या एका संघाची खूण.

साधू आणि लढवय्ये? हो! त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यात आखाड्यांचे नागा साधू तलवारी, त्रिशूळ घेऊन मिरवणुकीत निघतात ना? युरोपातही असे संघ होते. सुमारे १११९ साली जेरुसलेमला 'टेम्पलर' नावाचा संघ निघाला. यात्रेकरूंचं रक्षण करणं हे त्यांचं काम. लोकांनी त्यांना जमिनी, गावं, किल्ले दान दिले आणि संघ गबर झाला. १३१२ साली पोपने तो बरखास्त केला. पण पोर्तुगालचा राजा दिनिश मोठा हुशार! त्याने १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' हा नवा संघ काढला आणि टेम्पलरांची तिथली मालमत्ता त्याला देऊन टाकली.

या संघाचं मुख्य ठाणं पुढे तोमार गावी होतं. तिथला किल्ला टेम्पलरांनी ११६० मध्ये बांधायला घेतला होता. आत एक गोल चर्च आहे. बाहेरून त्याला सोळा बाजू, तर मधल्या गाभ्याला आठ! शिपाई घोड्यावर बसूनच तिथे प्रार्थना करत, असं म्हणतात. नंतर बांधलेल्या भागात एक खिडकी आहे. तिच्या दगडात जहाजाचे दोर आणि समुद्रातली पोवळी कोरली आहेत.

साधूंच्या मठात जहाजाचे दोर कशाला? इथेच तर गंमत आहे! १४२० मध्ये राजपुत्र हेन्री या संघाचा कारभारी झाला. संघाच्या जमिनींचं उत्पन्न त्याने समुद्रावरच्या मोहिमांकडे वळवलं. जहाजांच्या शिडांवर संघाचा लाल क्रूस झळकू लागला. १४९८ मध्ये वास्को द गामा केरळच्या किनाऱ्याला लागला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तोमारची खूण अशी आपल्या दारात आली!

आता तुम्ही विचाराल, परक्या राज्यकर्त्यांची ही बांधकामं आपण का जपायची? त्यांच्या राजवटीत देवळं पाडली गेली, रयतेचा छळ झाला. हे विसरायचं नाहीच. पण या भिंतींचा दगड आपल्याच मातीतला आहे. वसईचा काळा दगड गोव्यापर्यंत गेला आणि तिथल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात बसवला गेला. आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने याच तटाला भगदाडं पाडून किल्ला जिंकला. तट पडून गेला, तर तो पराक्रम दाखवणार कशावर? नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या लुटीतली मानतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मराठ्यांनी ती वितळवली नाही, देवळात टांगली.

तोमारचा मठ सांभाळला गेला. १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे. वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना मात्र आज छप्पर नाही. भिंतींवर बदामात कोरलेली नावं दिसतात. पुरातत्त्व खात्याची पाटी असली, तरी प्रत्येक भिंतीपाशी पहारेकरी कसा उभा राहणार?

तेव्हा पुढच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन वसईला जा. दरवाजावरची ढाल, गोल आणि क्रूस शोधा आणि वहीत त्यांचं चित्र काढा. भिंतीवर मात्र रेघसुद्धा ओढायची नाही, कबूल? आणि परत आल्यावर बेलापूरच्या अवशेषांचंही एक चित्र काढून, खाली तारीख घालून ठेवा. पाच वर्षांनी ते चित्र घेऊन पुन्हा तिथेच उभे राहा. काय टिकलं आणि काय गेलं, ते लगेच कळेल!