थांब ना, वाढवून देतो!

शुक्रवार रात्र, साडेनऊचा सुमार. भाईंदर स्टेशनवरून आलेली रिक्षा इंद्रलोकच्या नाक्यावर थांबते आणि त्यातून आमच्या बी विंगमधला मित्र उतरतो. (नाव छापू नकोस म्हणालाय, ऑफिसातले लोक हा कॉलम वाचतात म्हणे. सही!) चेहरा असा, की मला वाटलं पाकीट मारलं. तर नाही. साहेबांनी सकाळी राजीनामा दिला होता आणि संध्याकाळी बॉसने केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, ‘अरे, कुठे चाललास? थांब ना, वाढवून देतो!’

आता यात रडण्यासारखं काय? सांगते. पठ्ठ्याचं ऑफिस लोअर परळला. म्हणजे भाईंदरला विरार फास्टमध्ये घुसायचं (चढायचं नाही, घुसायचं), दादरला उतरायचं, पुन्हा स्लो पकडायची. हातात येतात ५२ हजार. नवी कंपनी अंधेरीला, चकाल्यात. मेट्रो पकडली की झालं. तिथे ६४ हजार. आणि बॉस म्हणतोय ६५! वर ‘सीनियर’ हे बिरूद फ्री. सोमवारपर्यंत कळव म्हणाला. इंद्रलोकमधल्या वन बीएचकेचं लोन नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे आई म्हणते, ‘ओळखीची माणसं सोडून कशाला जातोस?’ बाबा काहीच म्हणत नाहीत, जे जास्त टेन्शनचं.

‘तू जात का होतास?’ मी विचारलं.

‘पैसे...’ तो म्हणाला. मग दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, ‘आणि प्रवास. आणि तो शनिवारी रात्री अकराला फोन करतो ना, ते.’

म्हणजे तीन कारणं, आणि बॉसने त्यातल्या एकाचाच भाव केला होता.

माझंच उदाहरण देते. पंचविशीत मी एका ठिकाणी नोकरी करत होते. नाइट शिफ्टला कंटाळून ऑगस्टमध्ये राजीनामा टाकला. त्यांनी पाच हजार वाढवले, मी पेढे वाटले. नव्या ठिकाणच्या एडिटरला ‘सॉरी’चा दोन ओळींचा मेल टाकला. एप्रिलमध्ये अप्रेझलला बसले, तर उत्तर मिळालं, ‘तुला ऑगस्टमध्येच दिलं की!’ म्हणजे माझेच एप्रिलचे पैसे मला आठ महिने आधी दिले होते. नाइट शिफ्ट होती तिथेच होती. मोठ्या असाइनमेंटसाठी नावं निघाली की कोणीतरी हसत म्हणायचं, ‘हिचं काय सांगावं, ही जाणारी!’ दहा महिन्यांनी मी गेलेच. आणि त्या एडिटरने पुढे दोन वर्षं माझ्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

हा खेळ काही आजचा नाही. दादासाहेब फाळके आठवतात? १९१८ मध्ये भागीदारांसोबत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. भागीदारांशी पटेना, म्हणून सगळं सोडून थेट काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. शेवटी मनधरणी झाली आणि १९२२ मध्ये ते त्याच कंपनीत परतले. सिनेमे पुढेही केले, पण आधीचा तो जोर काही नंतर दिसला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या माणसाचं हे, तर आपली काय कथा!

पण आपल्याकडे हे इतकं का चालतं? माझ्या मते, मुख्य कारण नोटीस पिरीयड. नव्वद दिवस! इतक्या दिवसांत बॉसला तीनदा लाडीगोडी लावता येते आणि आपल्याला दोन आणखी इंटरव्ह्यू देता येतात. २०२१-२२ मध्ये आयटीवाल्यांनी हेच केलं. एक ऑफर दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात एकट्या इन्फोसिसमधलं सोडून जाण्याचं प्रमाण २७.७ टक्के होतं. माणसं टिकेनात तेव्हा कंपन्यांनी जुने कागद उघडले. जाणाऱ्याने सहा महिने ठरावीक स्पर्धक कंपन्यांत त्याच क्लायंटचं काम करायचं नाही, या इन्फोसिसच्या अटीवरून पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२२ मध्ये थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. नंतर ती लाट ओसरली, नव्वद दिवस तेवढे राहिले.

शनिवारी दुपारी आम्ही त्याच्या गच्चीवर कागद-पेन घेऊन बसलो. पहिला हिशोब वेळेचा. चकाल्याला गेला तर रोजचा जवळजवळ पाऊण तास वाचतो, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा तास. बॉसचा जास्तीचा एक हजार त्यापुढे ठेवला, तर तासाला साठ रुपये पडले. तो हसायलाच लागला.

दुसरा हिशोब मात्र बॉसच्या बाजूने निघाला, आणि हा बहुतेक जण विसरतात. ग्रॅच्युइटी! कायम नोकरीत पाच वर्षं भरली तरच ती मिळते. त्याची सव्वाचार झालेली. नोटीस पिरीयड धरूनही साडेचार. पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरले तरी ती मागता येते असा मद्रास हायकोर्टाच्या निकालाचा दाखला देतात, पण याचे तेवढेही भरत नव्हते. रक्कम किती? ज्या पगारावर ती मोजतात तो भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. त्याचा ३० हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे ८६ हजार ५००. ही काही सोडून देण्यासारखी रक्कम नाही. मी त्याला म्हटलं, नव्या कंपनीच्या एचआरला हे सरळ सांग. त्याने लाजत लाजत फोन केला, तर ५० हजार जॉइनिंग बोनस कबूल! वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा, ही अट. चालतंय.

काउंटर ऑफर म्हणजे सापळाच, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी एक मैत्रीण थांबली आणि मजेत आहे. तिची तक्रार फक्त टीमबद्दल होती आणि बाईसाहेबांनी ती चार वर्षांत कोणाला बोलूनच दाखवली नव्हती. राजीनाम्यानंतर आठवड्याभरात दुसरी टीम मिळाली, दुसरा बॉस मिळाला, तेही पत्रावर. तिने खरं तर राजीनाम्याआधीच तोंड उघडायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

तर आमच्या मित्राने रविवारी बॉसला मेल टाकला. ६५ हजार पूर्ण फिक्स्डमध्ये येणार का? एप्रिलची वाढ वेगळी मिळणार का? आठवड्यात दोन दिवस घरून काम करता येईल का?

बॉसचा लगेच फोन. ‘अरे, आपल्यात मेल कशाला? शब्द आहे माझा.’

सोमवारी एचआरचा मेल आला. महिन्याला पाच हजार वाढ. बाकीचे ९६ हजार ‘रिटेन्शन बोनस’, वर्ष संपल्यावर. दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत. एप्रिल आणि घरून काम, यांवर चकार शब्द नाही.

त्याने तो मेल आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, ‘म्हणजे आत्ता ६५ नाहीच?’ बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, ‘अंधेरीला जाऊन घरी किती वाजता येशील?’

सध्या त्याचा नोटीस पिरीयड चालू आहे. अजून ६१ दिवस बाकी. काल चहाच्या वेळी बॉसने पुन्हा विचारलं म्हणे, ‘नक्की ना रे?’