आधी घासा, मग तपासा

खुर्चीत टेकायच्या आत पेशंट बोटानं दात दाखवतो. "इथं कीड लागलीय डॉक्टर, काळं पडलंय बघा." मी म्हणतो, "आधी दात साफ करू, मग सांगतो." लगेच त्याचा चेहरा बदलतो. याला बिल वाढवायचंय! ही शंका अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही, आमच्या धंद्यात तसलेही आहेत. पण इथं क्रम खरोखर तोच आहे.

काळं दिसलं म्हणजे कीडच असते असं नाही. चहा, तंबाखू, पानातला कात, मुलांचं लोहाचं औषध, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, यांचा रंग दातावर बाहेरून चढतो. खेड्यातल्या आज्या मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांवर घासत बसायचं. वर्षानुवर्षांचा तो थर काढला, की खाली पुष्कळदा धडधाकट दात निघतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात तपकिरी होतात. तो रंग इनॅमलमध्येच असल्यानं साफ करूनही जात नाही, पण तीही कीड नव्हे.

खरी कीड सुरू होते ती पांढरी. जंतू साखरेचं आम्ल करतात. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात आणि तिथं अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. दात ओला असताना त्या छिद्रांत पाणी असतं, म्हणून सुरुवातीचा डाग दिसत नाही. हवेचा झोत पाचेक सेकंद मारून दात वाळवला, की खडूसारखा ठिपका उमटतो. किटणाच्या थराखाली हा ठिपका कुणाला दिसणार? लेसरनं कीड मोजणारं यंत्रसुद्धा किटणावर आणि डागांवर फसतं, उगाच मोठा आकडा दाखवतं.

पूर्वी टोकदार सळई खाचेत दाबून बघायचे, अडकली की कीड. आता ते टाळतात. टोक नुसत्या अरुंद खाचेतही अडकतं, आणि मऊ पडलेलं इनॅमल त्यानंच फुटू शकतं. म्हणजे सगळी भिस्त नजरेवर. साफ केल्यावर खाचेत उरलेला काळा डागही भरायलाच हवा असं नाही. थांबलेली कीड बऱ्याचदा काळी आणि कडक असते, तिच्यावर लक्ष ठेवलं तरी पुरतं.

"साफ केले की दात हलतात," हे तर मी रोज ऐकतो. हलतात कधीकधी, खरं आहे. लाळग्रंथीचं तोंड जवळ असल्यामुळे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटण भराभर साचतं. हिरडीच्या सुजेनं हाड झिजत जातं आणि किटण त्या दातांना एकमेकांत जखडून ठेवतं. ते निघालं की आधीच सैल झालेला दात उघडा पडतो, आणि खापर फुटतं डॉक्टरवर.

शाळांतल्या तपासणी शिबिरांचं मला म्हणूनच वावडं आहे. मधल्या सुट्टीत डबा खाऊन आलेल्या पोरांची रांग, बॅटरीचा उजेड, दातांत पोळी-भाजी, आणि कार्डावर भराभर किडक्या दातांचे आकडे. बोलावणाऱ्या मंडळांना मी सांगतो, बॅनर नसला तरी चालेल, नळ हवा आणि पोरागणिक एक ब्रश हवा. ब्रश जमत नसतील तर खळखळून चूळ भरायला लावा आणि कापसाचे बोळे भरपूर आणून ठेवा, दात मीच पुसून घेईन.