एक्सेलमध्ये पायथन आलं, पण ते चालतं कुठे?

‘व्हीबीए विसरा, एक्सेलमध्ये आता पायथन आलंय’ असं ओरडून सांगणारी रील्स तुमच्याही फीडमध्ये आली असतील. खाली बहुतेक वेळा कोर्सची लिंक असते. एमएस-सीआयटी करून नोकरीला लागलेला आणि कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या मॅक्रोवर दर महिन्याचं पगारपत्रक काढणारा माणूस हे बघून दचकतोच. आपलं शिकलेलं वाया गेलं की काय?

नाही गेलं. पण जे घडलंय ते समजून घेण्यासारखं आहे.

मायक्रोसॉफ्टने २२ ऑगस्ट २०२३ रोजी एक्सेलमध्ये पायथन आणत असल्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२४ मध्ये ही सोय विंडोज वापरणाऱ्या बिझनेस आणि एंटरप्राइझ ग्राहकांना अधिकृतपणे मिळाली. सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून ‘पीवाय’ लिहायचं आणि तिथेच पायथनचा कोड सुरू करायचा. मागणी जुनीच होती. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने याबद्दल वापरकर्त्यांची मतंही मागवली होती. पायथनचा जनक गुइडो व्हॅन रॉसम २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच दाखल झाला, तेव्हापासून चर्चेला आणखी जोर चढला.

मग आधी काय होतं?

तयार सॉफ्टवेअरला आतून हुकूम सोडता यावेत म्हणून जी भाषा दिलेली असते, ती स्क्रिप्टिंग भाषा. रोज त्याच चाळीस क्लिक करण्याऐवजी एकदा लिहून ठेवायचं आणि बटण दाबायचं. एक्सेलमध्ये हे काम १९९३ पासून व्हीबीए करत आलंय. ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. दुसऱ्या फाइल उघडतं, फोल्डर बनवतं, प्रिंट काढतं, आउटलुकमधून मेलही पाठवतं.

हीच ताकद पुढे डोकेदुखी झाली. १९९९ मधला मेलिसा व्हायरस हा वर्डमधला एक मॅक्रोच होता. फाइल उघडली की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत पाठवायचा. असे प्रकार इतके वाढत गेले की २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. मेलवर आलेली फाइल उघडल्यावर दिसणारी ती लाल पट्टी त्यातलीच.

नवी भाषा, पण दुसऱ्याच्या घरात

एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळे पायथन वेगळ्या पद्धतीने आणलं गेलं. तुम्ही कोड लिहिता तुमच्या स्क्रीनवर, पण तो चालतो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, एका बंद कप्प्यात. तिथून त्याला तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल दिसत नाहीत, इंटरनेटवर जाता येत नाही, मॅक्रोलाही हात लावता येत नाही. शीटमधला जेवढा डेटा तुम्ही पुढे कराल तेवढा तो घेतो आणि उत्तर परत पाठवतो.

म्हणजे रीलमधला दावा इथेच कोसळतो. पगाराच्या स्लिपा वेगवेगळ्या फाइल करून प्रत्येकाला मेल करणं, हे पायथनचं हे रूप करूच शकत नाही. त्यासाठी व्हीबीएच लागतं.

पायथन उपयोगी आहे ते विश्लेषणाला, आणि तिथे ते खरंच दमदार आहे. समजा दहा वर्षांची तालुकावार पावसाची आकडेवारी आहे आणि त्यातला कल शोधायचाय. किंवा दोन याद्या जुळवायच्या आहेत, पण इंग्रजीत टाइप केलेल्या आडनावांचं स्पेलिंग एका यादीत एक, दुसरीत भलतंच. एक्सेलच्या नेहमीच्या फॉर्म्युल्यांनी हे करताना घाम फुटतो. पायथनमध्ये चार-पाच ओळींत बरंच काम उरकतं.

अडचणी मात्र नीट बघा. नेट गेलं की पायथनची गणितं थांबली. एक्सेल २०१६ किंवा २०१९ मध्ये ही सोय नाही, मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. जास्त वेगाने गणितं हवी असतील तर त्याचे वेगळे पैसे. व्हीबीए एक्सेलसोबतच यायचं, त्याला वेगाचं मीटर नव्हतं. सुरक्षेचं कारण खरंच आहे, पण ते कंपनीच्या धंद्यालाही सोयीचं आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. कारण कॉम्प्युटरवरच पायथन चालवणं अशक्य नाही. मराठी मेन्यू असलेलं मोफत लिब्रेऑफिस तेच करतं. अर्थात तिथे मॅक्रोचे धोकेही तुमच्याच माथी.

डेटाचा मुद्दा आणखी नाजूक. कोड चालवताना निवडलेला डेटा बाहेरच्या सर्व्हरवर जातो. एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांची नावं आणि कर्जाची बाकी त्यात असेल, तर हा निर्णय डेस्कवरच्या क्लार्कने एकट्याने घ्यायचा नाही. तो व्यवस्थापनाने घ्यायचा.

आणि व्हीबीए बंद होणार ही अफवा?

तिचं एक कारण नावातलं साधर्म्य असावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढण्याचं जाहीर केलं ते व्हीबीस्क्रिप्ट. ती वेगळी भाषा आहे. फक्त काही मॅक्रो आतून व्हीबीस्क्रिप्टची मदत घेतात, ते पुढे अडू शकतात. त्यामुळे ऑफिसात जुना मॅक्रो असेल आणि तो लिहिणारा नोकरी सोडून गेला असेल, तर जाणकाराकडून तो आत्ताच तपासून घेतलेला बरा.

पायथन वापरून बनवलेली फाइल पुढे पाठवतानाही एक गोष्ट आधी विचारा: समोरच्याकडे कुठलं एक्सेल आहे? जुन्या एक्सेलमध्ये शेवटचं उत्तर दिसत राहतं. पण त्याने एखादा आकडा बदलून पुन्हा हिशोब करायला घेतला, की उत्तराच्या जागी एरर येते.