विश्लेषण : क्षयाच्या जंतूची ‘साखर’ प्रयोगशाळेत का बनवतात?

भिवंडीत यंत्रमागांच्या आसपास एकेका खोलीत अनेक कामगार राहतात. हवा न खेळणाऱ्या अशा दाटीवाटीच्या जागांत क्षयरोग सहज पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला. त्यातील सुमारे २६ टक्के रुग्ण भारतातले. या जंतूशी शरीराची पहिली गाठ पडते, तेव्हा त्याच्या आवरणावरील शर्करा महत्त्वाची ठरते. तिचाच एक भाग पुण्यातील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला आहे.

जंतूवर साखर कशासाठी?

ही चहातली साखर नव्हे. क्षयजंतूच्या आवरणात शर्करेच्या लांब, फांद्या असलेल्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकांना ‘मॅनोज’ ही शर्करा असते. शरीरातील पहारेकरी पेशींवर ‘डीसी-साइन’ नावाचा रिसेप्टर असतो. तो मॅनोज ओळखून जंतूला पकडतो. मात्र या पकडीचा फायदा जंतूलाही होऊ शकतो. या शर्करेमुळे पहारेकरी पेशी पुरेशा सक्रिय होत नाहीत, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

एकच मॅनोज पुरत नाही का?

नाही. एका मॅनोजची पकड फारच सैल असते. गवताचे एक कुसळ कपड्यावरून सहज झटकता येते. शेकडो चिकटली की निघता निघत नाहीत. इथेही तसेच होते. एक बंध सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. त्यामुळे एकाच रेणूवर अनेक शर्करा बसवून अभ्यास केला जातो. अशा रेणूंना ‘बहुसंयोजी’ म्हणतात.

मग ती जंतूतूनच का काढत नाहीत?

काढता येते, पण त्यात लहान-मोठ्या साखळ्यांची सरमिसळ असते. नेमक्या कोणत्या रचनेमुळे पेशीने प्रतिसाद दिला, हे त्यातून कळत नाही. प्रयोगशाळेत शर्करांची संख्या, क्रम आणि फांद्या ठरवता येतात. एकेक बदल करून पकड किती घट्ट झाली, हे मोजता येते.

पुण्यात काय झाले?

पुण्याच्या आयसर संस्थेतील श्रीनिवास होता यांच्या गटाने क्षयजंतूच्या आवरणातील, टोकांना मॅनोज असलेला २१ शर्करांचा तुकडा संश्लेषित केला. हे काम २०१७ मध्ये ‘केमिकल सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शर्करा जोडताना प्रत्येक जोड योग्य जागी आणि योग्य दिशेने बसावी लागते. त्यामुळे एवढी मोठी साखळी घडवणे अवघड असते.

रुग्णाला याचा उपयोग काय?

आज थेट काही नाही. हे रेणू औषध नाहीत, लसही नाहीत. पण बीसीजी लस १९२१ पासून वापरात असूनही प्रौढांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिचे संरक्षण बेभरवशाचे आहे. नवी लस घडवायची तर पेशी कशाने सावध होते आणि कशाने गाफील राहते, हे आधी कळायला हवे. संश्लेषित शर्करेपासून लस बनू शकते, हे क्युबाने २००४ मध्ये दाखवून दिले. मात्र ती लस ‘हिब’ या वेगळ्या जंतूविरुद्धची होती. क्षयाच्या बाबतीत हा पल्ला अजून लांब आहे. तोवर दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास तपासणी आणि निदान झाल्यास डॉक्टरांनी सांगितलेला औषधांचा पूर्ण कोर्स, हाच खात्रीचा मार्ग आहे. सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत मिळतात.