दुसरी किल्ली कोणाच्या खिशात?

२९ आणि ३० ऑक्टोबर २०२३ यांच्या दरम्यानच्या रात्री ‘झ्यूडवेस्टफालेन-आयटी’ या नगरपालिकांच्या सामाईक संगणक-संस्थेवर ‘अकिरा’ या खंडणीखोर टोळीने हल्ला केला. पश्चिम जर्मनीतील सत्तरहून अधिक नगरपालिका आणि जिल्हा-प्रशासने एका रात्रीत कागद-पेनावर आली. वाहननोंदणी, जन्म-विवाहाचे दाखले, अशी नित्याची कामे कुठे आठवडे तर कुठे महिने रखडली. ज्यांचे या देशातले अर्धे आयुष्य नोंदणीच्या कागदांवर उभे आहे, त्या आपणा स्थलांतरितांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये तपास-अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की चोर व्हीपीएनच्या दारातून आत आले होते, आणि त्या दाराला पासवर्डाखेरीज दुसरे कुलूप नव्हते.

आमच्यापैकी अनेक जण ज्या कंपन्यांत काम करतात तेथे आज हाच प्रश्न टेबलावर आहे. निम्म्या प्रणाली तळघरातल्या स्वतःच्या सर्व्हरवर, निम्म्या क्लाउडवर. मग दुसरी पडताळणी कोणती आणि कुठे बसवावी? चर्चा बहुधा ‘एसएमएस की ॲप’ येथून सुरू होते. आमच्या मते ती दारापासून सुरू व्हावी. क्लाउडवरील प्रणाली सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्टची भाषा बोलतात. त्यांची ओळख एका मध्यवर्ती सेवेकडे सोपविता येते. तळघरातील जुनी हजेरी-प्रणाली मात्र एलडॅपला केवळ पासवर्ड विचारते. तिच्यात बदल करण्याची उमेद कोणी बाळगू नये. तिच्यासमोर व्हीपीएन वा रिव्हर्स प्रॉक्सीचे दार उभारून पडताळणी तेथे करावी. ‘कीक्लोक’, किंवा कासेल येथील ‘प्रायव्हसीआयडिया’, अशी मुक्त साधने यासाठी उपलब्ध आहेत. सारा भार क्लाउडच्या ओळखसेवेवर टाकणे सोपे खरे. पण इंटरनेट तुटले की तळघरातील यंत्रही दार उघडत नाही, आणि कारखान्याची रात्रपाळी खोळंबते. म्हणून दोन आपत्कालीन खाती वेगळी ठेवून त्यांच्या किल्ल्या तिजोरीत ठेवाव्यात.

आता पद्धती. एसएमएसची भिस्त मोबाइल-जाळ्यावर असते, आणि त्या जाळ्यातील एसएस७ या जुन्या व्यवस्थेतील उणिवांचा लाभ घेऊन जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीतच बँक-ग्राहकांचे कोड वळवून खाती रिकामी केली गेली. (भारतीय बँकेच्या एका ओटीपीसाठी जुने सिमकार्ड वर्षानुवर्षे जिवंत ठेवणाऱ्या वाचकांचे या पद्धतीविषयीचे मत आम्हांला ठाऊक आहे.) दर तीस सेकंदांनी बदलणारा ॲपमधील कोड जाळ्याविना चालतो, जुन्या रेडियस पद्धतीच्या व्हीपीएनलाही जुळतो, पण बनावट संकेतस्थळावर माणूस तो स्वतःच टंकून देऊ शकतो. ‘मान्य करा’ अशी सूचना फोनवर पाठविणे सर्वांत सोयीचे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘उबर’च्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशाच सूचनांचा भडिमार करून थकविले गेले आणि अखेर त्याने एक मान्य केली. फिडो२ ची किल्ली संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासते, बनावट पत्त्याला उत्तरच देत नाही. साधारण तीस ते साठ युरोंना ती मिळते. प्रशासक, लेखाविभाग आणि मनुष्यबळ विभाग यांना तरी हीच द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे एक गोष्ट तांत्रिक बैठकांत हमखास निसटते. ‘सर्वांनी आपापल्या फोनवर ॲप घ्यावे’ हे वाक्य अभियंत्याला निरुपद्रवी वाटते. गोदामात पाच जणांत एक संगणक वापरणाऱ्याकडे कंपनीचा फोन नसतो. खाजगी फोनवर मालकाचे ॲप त्याने का घ्यावे? जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर नजर ठेवू शकेल अशा तांत्रिक साधनाबाबत बेट्रीब्सराटला सहनिर्णयाचा अधिकार आहे. बेट्रीब्सफरफासुंग्सगेझेट्सच्या ८७ व्या कलमात तो लिहिलेला आहे. परंतु प्रत्येक कंपनीत बेट्रीब्सराट नसते. आणि प्रोबेशनवर असलेला, ब्ल्यू कार्डावर नुकताच आलेला आपला माणूस सहसा ‘नाही’ म्हणत नाही. निर्णय घेणाऱ्या टेबलाशी आपल्यापैकी कोणी बसलेले असेल, तर ही बाजू त्यानेच मांडावी: ॲप हवे त्याला ॲप, नको त्याला किल्ली, खर्च कंपनीचा, आणि नाकारणाऱ्याची नोंद कुठेही नाही.

किल्ली हरवणारच, हे गृहीत धरून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला दोन द्याव्यात. हरवल्याचा फोन आला म्हणून सेवाकक्षाने जुनी पडताळणी काढून टाकू नये. आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर उलट फोन करावा, किंवा वरिष्ठाने प्रत्यक्ष ओळख पटवावी. आणि यंत्रांच्या नावाने चालणारी जी खाती रात्री बॅकअप घेतात, त्यांना दुसरी पडताळणी लावता येत नाही. त्यांची यादी काढून ती कोणत्या सर्व्हरवरून कुठे पोहोचू शकतात यावर मर्यादा घालणे, हे काम सोमवारीच सुरू करता येईल.