पस्तिसाव्या दिवसानंतर

व्यसनमुक्ती केंद्रातून सोलापुरात परतलेल्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी जुने मित्र हाक मारतात. गल्ली तीच, कोपऱ्यावरची मावा घोटणारी टपरीही तीच. घरच्यांना वाटते, उपचार झाले, पोरगा सुटला. तिथूनच खरे अवघड सुरू होते.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’ने हे महाराष्ट्राला केव्हाच दाखवून दिले. तिथले निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे. पाठपुरावा मात्र त्यानंतरही चालू राहतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभाही १९३५ पासून याच अनुभवावर उभ्या आहेत : त्याच वाटेने गेलेल्याचे बोलणे माणूस ऐकतो.

किशोरांची अडचण इथेच आहे. सभेतले काका चाळिशी-पन्नाशीचे. ते मोडलेल्या संसाराबद्दल, गेलेल्या नोकरीबद्दल, बिघडलेल्या यकृताबद्दल बोलतात. दहावीतल्या मुलाला त्यात आपण कुठेच दिसत नाही. ‘मी काही इतका वाया गेलेलो नाही,’ असे म्हणत तो पुढच्या आठवड्यात येतच नाही. अमेरिकेत जॉन केली व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात, जिथे समवयस्क अधिक, तिथे किशोर अधिक नियमित येतात असे आढळले.

मग मुलांचाच गट करावा? इतकेही सोपे नाही. अशा मुलांना नुसते एकत्र बसवले, तर ती एकमेकांकडून नव्या खोड्याही शिकतात, हे थॉमस डिशन यांनी १९९९ मध्ये दाखवले होते. म्हणून प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि नशेचे पराक्रम रंगू लागले की विषय तोडणारा, दोन-तीन वर्षे मुक्त राहिलेला एखादा दादा हवा. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. ‘मन घट्ट कर’ एवढ्या उपदेशावर सोळाव्या वर्षी भागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोली एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला गेला. अशा वेळी धाडी, साठा, आरोपी यांचीच चर्चा होते. परतलेल्या मुलांसाठी लागते ते फार थोडे : महापालिकेच्या शाळेतील एक खोली, आठवड्यातील एक संध्याकाळ. शेजारच्या खोलीत पालकांची बैठक, तीही विड्या वळणाऱ्या आईला आणि यंत्रमागावर पाळी करणाऱ्या वडिलांना जमेल अशा वेळी. आणि मुलगा मध्येच घसरला, तरी पुढच्या आठवड्यात त्याची खुर्ची तिथेच असावी. तोवर राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक हाताशी आहे.